अर्जासोबत जोडलेली हवेली

रजनी गजभियेची हवेली दोन नंबरच्या कॉम्प्युटरात होती. एक नंबरवर दुकानाचा मालक वीरेंद्र स्वतः बसायचा, त्यामुळे तिथे हवेली बांधायची सोय नव्हती.

दुकान सीमेपलीकडे सौंसरला, कचेरीच्या फाटकासमोर. दिवसभर अर्ज, शपथपत्रं, नकला. अर्ज हिंदीत, कारण कचेरीला हिंदी लागते. अर्जामागचं रडगाणं मराठीत, कारण माणसं इथली. रडगाणं ऐकायचं आणि त्यातून चार ओळींची हिंदी काढायची, हे रजनीचं काम. सात वर्षांत तिनं इतकी घरं, शेतं, विहिरी आणि भांडणं टाइप केली होती, की माणूस पायरी चढतानाच तिला कळायचं, हा भावाविरुद्ध आला आहे की सासऱ्याविरुद्ध. भावाविरुद्ध येणारा कागद घट्ट धरतो. सासऱ्याविरुद्ध येणारा आधी पाणी मागतो.

दुपारी दोनला कचेरी जेवायला बसली, की साडेतीनपर्यंत गिऱ्हाईक नसायचं. त्या दीड तासात रजनी गोष्टी लिहायची आणि मोबाइलवरच्या एका ॲपवर ‘नीलांबरी’ या नावानं टाकायची. पहिली गोष्ट जुनीच होती, फक्त उलट्या बाजूनं सांगितलेली: राक्षसाचा जीव ज्या पोपटात असतो, त्या पोपटाची. त्या बिचाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं. एकशेचाळीस जणांनी वाचली. दुसरी, जाम नदीच्या पाण्याखालच्या राज्याची. तिथली संत्र्याची झाडं फळांत माणसांची नावं साठवून ठेवत, आणि फळ सोललं की माणूस आपलं नाव विसरे. ती नऊशे जणांनी वाचली, आणि त्यातल्या तिघांनी राणीनं सेनापतीशी लग्न का केलं नाही म्हणून भांडण काढलं. तिसरी मात्र धावली. तिसरीत हवेली होती, हवेलीत मुकाट मालक होता, पश्चिमेला एक कुलूपबंद खोली होती, आणि मालकाची पहिली बायको कुठे गेली हे सांगायला कोणी तयार नव्हतं. नव्या नवरीला तो मालक आवडायचाही आणि त्याची भीतीही वाटायची. अकरा हजार वाचक. रजनीनं आकडे पाहून मनाशी नोंद केली: पोपटाची लोकांना दया येते, राज्याचं कौतुक वाटतं, पण बंद खोलीपाशी आणून सोडलं की माणूस तिथून हलत नाही.

हवेली खरी वाटायची, याचं श्रेय कचेरीलाच. दुसरे लेखक हवेलीभोवती धुकं सोडतात. रजनीला धुक्याची सवय नव्हती, चतुःसीमेची होती. ‘पूर्वेस वाहतीचा रस्ता. दक्षिणेस चिंचेचे झाड, ज्याखाली दिवस मावळल्यावर कोणी थांबत नाही. उत्तरेस विहीर, जिचे पाणी पहिल्या पत्नीनंतर कोणी काढले नाही. पश्चिमेस खोली, कुलूपबंद.’ अकरा हजार माणसांना त्या हवेलीत डोळे मिटून फिरता आलं असतं.

हे सगळं दोघांपासून लपवायचं होतं. वीरेंद्रपासून, कारण वीज त्याची. आणि सासूपासून, कारण घरात भुतांना बंदी होती.

सासू शकुबाई, वय सत्तरच्या आसपास, स्वतःच्या हिशेबानं पासष्ट. तिच्या बापानं तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले देव काढले. त्याच खेपेत भुतंही काढली. बोरगावात कोणी म्हणालं, अमक्या झाडाखाली काही दिसतं, तर शकुबाई शेंगांचं सूप घेऊन त्याच झाडाखाली निवडायला बसे. “दिसू दे,” म्हणे. “शेंगा सोलाले मानूस पायजेच हाये.” अशा बाईच्या सुनेनं भुताटकीची प्रेमकथा लिहावी, ही घरात सांगायची गोष्ट नव्हती. म्हणून रजनी हवेलीचे भाग ‘घर-विवरण’ या नावानं ठेवायची. घर-विवरण-१, घर-विवरण-२. अर्जांच्या गर्दीत कोण बघतं.

आता खरं घर. बोरगावच्या घरात शकुबाई चाळीस वर्षं राहत होती, पण कागदावर ते अजून तिच्या मेलेल्या जेठाच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, नावावर होतं. नवराही गेला. मुलगा गौतम नागपूरच्या कंपनीत. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. घर आपल्या नावावर व्हावं म्हणून अकरा वर्षांत शकुबाईनं तीन अर्ज केले. एकही नाकारला गेला नाही. एकही मंजूर झाला नाही. तिन्ही कुठेतरी सुखात होते.

“मेल्यावर माह्या नावाची पाटी नका लावू,” ती रजनीला म्हणाली होती. “जित्तेपनी कागद दाखव मले.”

दिवाळीनंतर चौथा अर्ज केला. रजनीनं टाइप केला. त्या दिवशी दुकानात गर्दी, लाइट जाऊन येऊन राहिलेली, कचेरीची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं. घर-विवरण जोडायचं होतं. रजनीनं घर-विवरणाची प्रिंट काढली, टाचणी मारली आणि सासूपुढे ठेवली. शकुबाईनं प्रौढशाळेत शिकलेली सही प्रत्येक पानाखाली सावकाश केली. चष्मा घरी होता. सून टाइप करते, मग वाचायचं कशाला.

चूक कळली ती डिसेंबरात, बोरगावला, उन्हात बसून वाटाणे सोलताना. शकुबाईनं रेशनकार्डाच्या पिशवीतून अर्जाची शिक्का मारलेली नक्कल काढली. “तारीख पाय वं जरा. किती दिवस झाले?”

रजनीनं पानं उलटली. पहिलं पान बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्या पानावर चतुःसीमा होती, पण हवेलीची. मालक मुकाट होता, नव्या नवरीनं हातात कंदील घेतला होता आणि ती पश्चिमेच्या खोलीकडे निघाली होती. ‘तिने कुलपाला हात लावला. कुलूप गार होते. आणि तेवढ्यात आतून कडी वाजली.’ त्याखाली कचेरीचा गोल शिक्का. शिक्क्याखाली, ठळक अक्षरात: शकुबाई गजभिये.

घर-विवरण-९. घर-विवरण-शकु कॉम्प्युटरातच राहिलं होतं.

“तोंड कायले उतरलं?” शकुबाईनं विचारलं.

“काही नाही, आई. ऊन लागलं.”

“पुसाच्या थंडीत?” शकुबाई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

दुसऱ्या दिवशी रजनी दाढ दुखते असं वीरेंद्रला सांगून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसली, कारण फाइल सौंसरहून तिकडे गेली होती. बसमध्ये तिला एक गोष्ट लक्षात आली. भीती वाटली की नायिकेचे हात गार पडतात, असं तिनं आजवर अकरा वेळा लिहिलं होतं. तिचे हात चांगले गरम होते, आणि तिला सपाटून भूक लागली होती.

पांढुर्ण्याला फाइल भैय्याजींच्या टेबलावर होती. भैय्याजी छिंदवाड्याकडचे, चौदा वर्षं इथे काढलेली, मराठी सगळी समजायची, बोलायचे हिंदीच. त्यांच्या आधी तीन टेबलांवरून फाइल आली होती आणि तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तीन आद्याक्षरं पडली होती. मराठीत काही लिहिलेलं, शिक्का असलेलं, सही असलेलं पान म्हणजे जुना पंचनामा असणार, असं तिघांनी धरून चाललं होतं. चौथे भैय्याजी. त्यांना जेवण झाल्यावर समोर येईल ते वाचायची खोड होती.

“साहेब, एक पान चुकून लागलं,” रजनी म्हणाली. “बदलून द्यायचं होतं.”

“नंबर पड़ गया,” भैय्याजी म्हणाले. “नंबर पड़ा हुआ पान नहीं निकलता.” मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “तुम कौन?”

“शकुबाईंची सून.”

“सून.” त्यांनी तिसरं पान उघडलं, तिच्याकडे पाहिलं, परत पानाकडे पाहिलं. “और वो पहली वाली?”

रजनीच्या जिभेवर आलं, ही गोष्ट आहे साहेब, मी लिहिते. तिनं तोंड उघडलं, तोवर भैय्याजी पुढे बोलून गेले होते.

“आवेदिका ने दस्तखत करके लिख दिया है, कोठरी बंद है, अंदर कोई है। अब देखना तो पड़ेगा। मैंने मौके पर जाँच को भेज दिया।”

“अन् जुळलं नाही तर?”

“झूठा विवरण? फिर तो खारिज।”

“बरं,” म्हणून रजनी निघाली. परतीच्या बसमध्ये तिनं हिशेब मांडला. खरं सांगितलं तर खोटं विवरण जोडलं म्हणून अर्ज खारिज. नाही सांगितलं तर घर बघायला माणूस येणार, हवेली सापडणार नाही, अर्ज खारिज. दोन्हीकडून बेरीज एकच. अकरा वर्षं थांबलेल्या बाईचं घर तिनं एका कंदिलापायी घालवलं होतं. स्टँडवर उतरून तिनं दोन समोसे खाल्ले आणि तरी भूक राहिली.

गुणवंता आला गुरुवारी सकाळी. पाहणीला पाठवलेला, सौंसरचाच माणूस, मोटारसायकल, गळ्यात मफलर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तिसऱ्या पानाची नक्कल. रजनीनं दोन दिवसांपासून दुकानात पुन्हा दाढ सांगितली होती. शकुबाई ओट्यावर बसली होती.

“शकुबाई गजभिये?”

“मीच. जय भीम. बस बापू, पानी घे.”

“जय भीम, मावशी. पानी मंग. पहिले पाहणी.” त्यानं पान काढलं आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. “पूर्वेले रस्ता.”

“समोरच तर हाये.”

“बरोबर. उत्तरेले विहीर.”

“कोनती विहीर? नळ हाये. तोही एक दिवसाआड.”

गुणवंतानं पेन्सिलीनं काही टिपलं. “दक्षिणेले चिंच. दिवस मावळल्यावर कोनी थांबत नाही.”

“चिंच सुनंदाच्या अंगनात हाये,” शकुबाईनं शेजारच्या घराकडे हात केला. “अन् दिवस मावळल्यावर मीच बसतो तिथं. कोन म्हनते थांबत नाही?”

“इथं लिवलं हाये.” तो जरा घुटमळला. “मालक कोनाशी बोलत नाही, असंही लिवलं हाये.”

“माहा मालक? मरेपर्यंत बोलूनच राहिला होता. दवाखान्यात डॉक्टरले बोलू देल्लं नाही.”

“अन् मालकाची पहिली बायको?”

“पहिली, मधली, शेवटली, सारी मीच. तू हे कायच्यातून वाचून राहिला, बापू?”

रजनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, आता चौकटीतच गडप झालं तर बरं.

“एकच राहिलं,” गुणवंता म्हणाला. “पश्चिमेले खोली. कुलूपबंद.”

“ते हाये,” शकुबाई म्हणाली.

रजनीनं मान वर केली. पश्चिमेला खोली होती. कुलूपही होतं, जाडजूड, गंज धरलेलं. गेली सात वर्षं ती त्या कुलपासमोरून पाणी भरायला जात होती, आणि हवेलीसाठी खोली शोधताना आपण ती कुठून उचलली हे तिला आज, सरकारी माणसासमोर, पहिल्यांदा कळत होतं.

शकुबाईनं कमरेची किल्ली काढली. गुणवंता दोन पावलं मागे राहिला. कुलूप उघडलं, कडी काढली, दार आत ढकललं. आत काळोख होता, आणि काळोखात जमिनीपासून छतापर्यंत काहीतरी पांढरं उभं होतं. दाराच्या वाऱ्यानं ते हललं.

गुणवंता उंबरठ्यावरून मागे आला तो थेट ओट्यापर्यंत. पेन्सिल आत पडली.

“काय पायलं?” शकुबाईनं विचारलं.

“काही नाही.”

“कापूस हाये, बापू. औंदाचा. भाव येईपर्यंत ठेवला.” तिनं आत जाऊन पेन्सिल शोधली, कापसाचा एक पुंजका तिच्यासोबत उचलला आणि दोन्ही त्याच्या हातात ठेवले. “आता तो कागद इकडे दे. रजने, माहा चष्मा आन.”

रजनीनं चष्मा आणला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शकुबाई ओट्यावर बसून वाचायला लागली, बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. नवरी कंदील घेऊन निघाली तिथं बोट हळू झालं. कडी वाजली तिथं थांबलं. मग ते खाली सरकलं, स्वतःच्या सहीवर आलं आणि तिथंच राहिलं.

“माह्या सहीनं,” ती म्हणाली. “माह्या घरात भूत. माह्या सहीनं.”

“आई, ती गोष्ट आहे,” रजनी म्हणाली. “मीच लिहिते. मोबाइलवर. चुकून ते पान लागलं. माझ्याच हातानं लागलं.”

गुणवंतानं मफलर सोडला, परत बांधला. सुनंदा कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. या वस्तीत मोटारसायकल थांबली की ती येतेच.

शकुबाईनं पान मांडीवर उलटं ठेवलं. मग गुणवंताकडे वळली. “लिव. या घरात भूत नाही.”

“असं कसं लिवू, मावशी? नमुन्यात तसा रकानाच नाही.”

“अर्जात भूत घालता येते, अन् अहवालात काढता येत नाही?”

गुणवंतानं विचार केला. नमुना उलटून पाहिला. शेवटी शेरा लिहायला चार ओळींची जागा होती.

“भाऊ, खोटं विवरण म्हणून अर्ज जाणार का?” रजनीनं विचारलं. आवाज आपोआप बारीक झाला होता.

“कोनतं खोटं, वहिनी? माह्यासमोर घर हाये, कुलूप हाये, मावशी हाये. पानावर विहीर जास्तीची हाये, एवढंच.” तो लिहायला बसला. “खरं सांगू? मावशीचे पहिले तीन अर्ज मले आठवते. सारं बरोबर होतं त्याच्यात. म्हनून कोनी पाहणी काढली नाही. बरोबर कागद वाचत कोन बसते.”

त्यानं हिंदीत लिहिलं आणि शकुबाईनं मागितलं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं: “मौका देखा। मकान पर आवेदिका शकुबाई का चालीस वर्ष से कब्जा पाया गया। पश्चिम की कोठरी खुलवाकर देखी, उसमें कपास भरा है। कोई भूत-प्रेत नहीं पाया गया।”

“पुन्हा वाच,” शकुबाई म्हणाली. “शेवटलं.”

त्यानं पुन्हा वाचलं. पंच म्हणून सुनंदानं सही केली, चिंचेकडे न बघता. मग गुणवंतानं पाणी प्यायलं, चहा घेतला, आणि जाताना गाडीला किक मारायच्या आधी रजनीला हळूच म्हणाला, “वहिनी, पुढचं पान कोनत्या फाइलले लागलं?”

शकुबाई त्या दिवशी सुनेशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, पण फक्त भाजीबद्दल. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “नवरीनं कंदील कायले घेतला? घरात बॅटरी नव्हती?” तेव्हा रजनीला जरा श्वास घेता आला.

पुढचे अठरा दिवस ती पोस्टमनची पिशवी पाहूनच घरी जायची. एकोणिसाव्या दिवशी फोन आला: आवेदिकेला घेऊन पांढुर्ण्याला या.

भैय्याजींनी घराचा कागद आधी स्वतः वाचला, मग शकुबाईपुढे सरकवला. शकुबाईनं चष्मा लावला आणि बोट आपल्या नावाखाली ठेवलं. नावाखालून बोट घराच्या नंबरावर गेलं आणि परत नावावर आलं. तिनं पदर डोळ्यांना लावला, चष्मा काढायचा विसरून.

“बराबर है ना?” भैय्याजींनी विचारलं.

“बराबर,” शकुबाई म्हणाली.

“तीसरा पान भी रहेगा फाइल में। नंबर पड़ा है।” भैय्याजींनी फाइलीची दोरी बांधली, सोडली, परत बांधली. मग रजनीकडे न बघता म्हणाले, “वो कडी किसने बजायी?”

“वाऱ्यानं,” शकुबाईनं सांगून टाकलं.

भैय्याजींचा चेहरा आपलाच अर्ज नाकारला गेल्यासारखा झाला.

परतीच्या बसमध्ये शकुबाईनं खिडकी घेतली. कागद पिशवीत, पिशवी मांडीवर, मांडीवर दोन्ही हात. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा पळत होत्या. रजनीला महिन्याभरात पहिल्यांदा भूक नव्हती. तिनं डोळे मिटले होते.

“वारा नव्हता ना?” शकुबाईनं विचारलं.

रजनीनं डोळे उघडले. “नाही.”

“भूत?”

“भूतही नाही, आई. पहिली बायकोच होती. जिवंत. कडी तिनंच आतून लावलेली. बाहेरचं कुलूप नुसतं दाखवायला.”

“कोंडलं नव्हतं तिले?”

“नाही. तीच बाहेर यायला तयार नव्हती.”

शकुबाईनं पिशवीतला कागद बाहेरूनच चाचपला. “हवेली कोनाच्या नावावर होती?”

“मालकाच्या.”

“तेच तर,” शकुबाई म्हणाली. “बाहेर निंघाली का घर गेलं. मी असतो तं मीबी निंघालो नसतो.” आणि पिशवीवरचा हात तिनं थोडा सैल केला.

सौंसरला उतरल्यावर ती घराकडे निघाली नाही. सरळ वीरेंद्रच्या दुकानात गेली आणि पिशवीतून कागद काढला. घराचा नाही, पाहणी-अहवालाची नक्कल.

“दोन झेरॉक्स काढ, बापू.”

वीरेंद्रनं कागद काचेवर ठेवण्याआधी सवयीनं नजर टाकली. शेवटच्या ओळीवर नजर थांबली. त्यानं शकुबाईकडे पाहिलं, मग रजनीकडे. “दाढ?” म्हणाला.

“काढली,” रजनी म्हणाली.

“एक घरात लावतो,” शकुबाई त्याला सांगत होती. “दुसरी सुनंदाले देतो. पंच म्हनून सही केली बाईनं, पन चिंचेखाली यायले अजून भेते. सरकारचा कागद पायला म्हन्जे येईन.” मग तिनं समोरच्या कचेरीकडे पाहिलं. फाटकातून बाबू डबे घेऊन निघत होते.

“रजने, दोन वाजले,” ती म्हणाली. “बस तुह्या मशिनीवर. त्या भैय्याजीचं तोंड पायलं नाही का तू?”